परबकाकांच्या चोची

फोन उचलला की लोक 'हॅलो' म्हणतात. परबकाका म्हणायचे, "बोला, चोच सांगा."

पलीकडचा माणूस घाबरलेला असायचा. त्याच्या बाल्कनीत, गच्चीवर, नाहीतर गाडीच्या टपावर एक पक्षी येऊन पडलेला असायचा. त्याला पक्ष्याचा रंग सांगायचा असायचा, आकार सांगायचा असायचा, शिवाय आपण सकाळपासून चहासुद्धा घेतला नाही हेही सांगायचं असायचं. काका सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "ते कळलं. चोच?"

"चोच आहे ना हो. चोचीसारखी."

"घरात अडकित्ता आहे?"

"काय?"

"अडकित्ता. सुपारी कातरायचा. आजीचा असेल बघा कुठंतरी माळ्यावर. तसली आहे का, वरचं पातं खाली वाकलेलं? की सुरीसारखी सरळ? की चिमट्यासारखी बारीक?"

मुलुंडच्या आमच्या पक्षी-उपचार केंद्रात मी काकांना पहिल्यांदा पाहिलं ते असा अडकित्ता विचारताना. पिंजरे धुवायच्या कामावर लागून मला दोनच दिवस झाले होते. मला वाटलं, म्हाताऱ्याला पान खायची तल्लफ आली आहे.

मी पुसदकडची. सातवीत शाळा सुटली, लग्न होऊन मुंबईला आले आणि इथल्या इंग्रजी पाट्या नि फॉर्म बघून जी धास्ती बसली ती अजून पुरती गेलेली नाही. कुणी कागद पुढं केला की तळहाताला घाम सुटतो. काकांबद्दल चार ओळी लिहून दे असं केंद्रातल्या मुलींनी सांगितलं तेव्हाही सुटला. पण काकांबद्दल दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मला राग आला असता, म्हणून लिहायला बसले.

मधुकर परब हे त्यांचं नाव. मूळचे कुडाळकडचे. वडील गिरणीत होते, काका भांडुपच्या एका कंपनीत टूल-रूमच्या स्टोअरला. म्हणजे खिडकीत बसायचं, कामगार येऊन हत्यार मागणार, ते काढून द्यायचं, संध्याकाळी मोजून परत घ्यायचं. अठ्ठावीस वर्षं त्यांनी हेच केलं. नवीन कामगारांना हत्यारांची नावं यायची नाहीत. ते म्हणायचे, "ते हे द्या ना, वाकडं, पुढून बारीक." काका तेवढ्यावर नेमकं हत्यार काढून द्यायचे. पुढं कंपनी बंद झाली, त्या जागी टॉवर आले, आणि काकांना रोज सकाळी डबा न घेता घराबाहेर पडायची लाज वाटू लागली. तरी ते बाहेर पडायचेच. अशाच एका सकाळी रस्त्याच्या कडेला त्यांना पंख मोडलेली घार दिसली. ती शर्टात गुंडाळून, स्वतः बनियनवर, ते आमच्या केंद्रात आले.

डॉक्टर घारीला टाके घालत होते तोवर काका बाकावर बसले होते. डॉक्टरांना चिमटा सापडेना. ड्रेसिंगची कात्री सापडेना. काकांनी तीनदा मान हलवली. दुसऱ्या दिवशी ते प्लायवूडची एक फळी घेऊन आले, भिंतीला ठोकली, तिच्यावर प्रत्येक चिमटा, कात्री, नळी ठेवून पेन्सिलीनं त्याभोवती रेघ ओढली, रेघेत काळा रंग भरला आणि वर खिळा मारला. म्हणाले, "आता जे जागेवर नाही त्याची सावली दिसेल." त्या दिवसापासून केंद्रात एकही चिमटा हरवला नाही. काकाही मग घरी बसले नाहीत, रोज केंद्रात येऊ लागले.

त्या घारीची चोच त्यांनी फार जवळून पाहिली होती. नंतर कधीतरी रंगात आले की ते तिची गोष्ट सांगायचे, आणि रंगात आले की मालवणीत शिरायचे. "माणसाक हत्यार स्टोअरातसून मागून घेवचा लागता. ही बघ, हत्यार घेवनच जन्माक इली. सांजेक जमा करूची भानगड नाय."

मग ते चोचींच्याच मागे लागले. केंद्रात आलेल्या प्रत्येक पक्ष्याची नोंद एका जाड रजिस्टरात व्हायची. त्यात चोचीचा रकाना होता आणि तिथं सगळे 'ठीक' असं लिहायचे. काकांनी 'ठीक' बंद केलं. त्यांच्या हातच्या नोंदी मी पुढं कितीदा तरी वाचल्या. सूर्यपक्ष्यासमोर लिहिलेलं असायचं, 'गोधडीची सुई, वाकलेली.' तांबटासमोर, 'जाड, बुटकी, मुळाशी मिशा.' घारीसमोर, 'वरचं पातं खाली, टोक धारेचं, मुळाशी मेण लावल्यासारखं पिवळं.' रोहित पक्षी आला तेव्हा त्यांनी अर्धं पान भरलं: 'मधेच मोडल्यासारखी. पक्षी डोकं उलटं करून खातो म्हणून चोच उलटी बघावी, मग सरळ दिसते. आत झाऱ्यासारखं. चिखल बाहेर, खाणं आत.'

रजिस्टरात आणखी एक शब्द त्यांनी कधी लिहू दिला नाही. 'बिचारा'. कॉलेजच्या मुली सुट्टीत मदतीला यायच्या, त्या हळहळून लिहायच्या, 'बिचाऱ्या घुबडाला मांजाने कापले.' काका खोडरबर घेऊन हजर. "बिचारा म्हणजे कुठल्या पंखाला लागलंय? डाव्या की उजव्या?"

एकदा खाडीकडून उघड्या चोचीचा करकोचा आला. त्याची चोच मिटली तरी मधे फट राहते. मुली रडवेल्या झाल्या, चोच मोडली म्हणून. एक जण चिकटपट्टी आणायला धावली. काकांनी बराच वेळ त्या फटीकडं पाहिलं. मग फळीवरची पक्कड काढली, तिचे जबडे मिटून मुलींना दाखवले. मधे तशीच फट. "ही पण मोडलीय? मग हिच्यात नळाचा पाईप कुठं धरायचा? फट चुकीची नाही, फट कामाची. शंख-शिंपले धरून खाणारा असणार हा." संध्याकाळी त्याला गोगलगायी दिल्या. त्यानं एक उचलली, फटीत बसवली आणि आतला जीव असा अलगद ओढून घेतला, की चिकटपट्टीवाली पोरगी टाळ्या वाजवायला लागली.

फोनवर मात्र गमतीच जास्त व्हायच्या. मुलुंडमधल्या टॉवरातून एक मुलगा बोलत होता. "काका, सिरियसली सांगतो, एसीच्या मागे गिधाडाचं पिल्लू आहे. यार, एवढी मोठी चोच, डोक्यावर केस नाहीत, पिवळे पिवळे तंतू."

"चोच टोकाला फुगीर आहे? मऊ दिसते?"

"हां! एकदम!"

"आजूबाजूला कबुतरं किती आहेत?"

"कबुतरं तर खूप आहेत. वाट लावलीय त्यांनी बाल्कनीची."

"मग ते गिधाड मोठं झालं की कबूतर होईल. आई येईल त्याची. खिडकी लाव आणि अभ्यासाला बस."

हसू ते कधीच दाखवायचे नाहीत. फोन ठेवून रजिस्टरात लिहायचे, 'कबूतर, पिल्लू, चोच मऊ. पक्षी सुखरूप, मुलगा घाबरलेला.'

आता पाणकावळ्याचं सांगते. तो मी आधी सांगायला हवा होता, पण लेखणी तिकडं वळत नव्हती.

मला कामावर लागून सहा-सात महिने झाले होते. कांजूरमार्गला खाडीच्या बाजूच्या एका सोसायटीतून वॉचमनचा फोन आला. काळा पक्षी, पंख ओले, उडत नाही. काकांनी चोच विचारली. लांब, सरळ. दाभणासारखी? हो, दाभणासारखी. आता बगळे, ढोकऱ्या यांची अशी चोच थेट माणसाच्या डोळ्यावर येते. उचलणाऱ्याचा डोळा जायला नको म्हणून काकांनी नेहमीप्रमाणं सांगितलं, "चोचीला रबर लाव, जास्त घट्ट नको, खोक्यात घाल, घेऊन ये."

वॉचमन ड्यूटी सोडून स्वतः रिक्षानं आला. मिठाईच्या खोक्याला असतो तो रबर त्यानं लावला होता. खोकं उघडलं तर पक्षी मेलेला.

"साब, आपने जैसा बोला वैसाच बांधा," तो म्हणाला. तो तक्रार करत नव्हता. आपलं काही चुकलं का, ते विचारत होता.

तेव्हाच्या डॉक्टरांनी पक्षी टेबलावर घेतला, चोचीवरून बोट फिरवलं आणि काकांना जवळ बोलावलं. पाणकावळा. पाण्यात खोल सूर मारणारा. त्याच्या चोचीवरच्या नाकपुड्या बंद असतात, श्वास तो तोंडानंच घेतो. चोच बांधली की संपलं. काकांनी नखानं चाचपून पाहिलं. टोकाला बारीक आकडा होता, तोही त्यांच्या विचारण्यात आला नव्हता.

"नाकच नाय?" एवढंच ते म्हणाले.

डॉक्टर भले माणूस होते. म्हणाले, परब, 'आणताना मृत' असं लिहा, दमलेलाच होता तो. काकांनी पेन घेतलं आणि लिहिलं. मी शेजारी फरशी पुसत होते, मला ती ओळ आजही तोंडपाठ आहे. 'पाणकावळा. मृत. चोच लांब, सरळ, टोकाला आकडा, नाकपुड्या बंद. चोच बांधायला फोनवर मी सांगितले. चूक माझी. म. वि. परब.'

डॉक्टर म्हणाले, "अहो, हे कशाला?"

"स्टोअरात मोडलेलं हत्यार परत आलं की कुणी मोडलं, कसं मोडलं ते लिहावं लागतं, साहेब. नाही लिहिलं तर दुसरा माणूस तेच हत्यार घेऊन जातो आणि बोट कापून घेतो."

मग त्यांनी त्या वॉचमनला चहा पाजला. त्याला सांगितलं, "तुझं काही चुकलं नाही. तू बरोबर केलंस, मी चुकीचं सांगितलं." तो गेल्यावर काका स्टुलावर बसून राहिले. (खुर्ची होती, पण ते लोखंडी स्टुलावरच बसायचे, कंपनीची सवय.) माझ्याकडं न बघता म्हणाले, "बांधूक मीच सांगलंय, शोभा. माझ्याच तोंडान."

त्या दिवसापासून त्यांच्या प्रश्नांत दोन प्रश्न वाढले. टोकाला आकडा आहे का? चोचीवर नाकाची भोकं दिसतात का? बोलणारा कितीही घाईत असो, हे दोन विचारल्याशिवाय ते पुढं जायचे नाहीत. आणि एक गोष्ट त्यांच्या मनानं धरली. हे दोन प्रश्न फक्त आपल्या तोंडात राहून उपयोग नाही, पक्षी उचलणाऱ्या प्रत्येक माणसापर्यंत गेले पाहिजेत. तसं झालं नाही तर दुसरा पाणकावळा मरणार, आणि तोही आपल्याच खात्यावर. असं ते उघड म्हणायचे. पुढं जे झालं ते सगळं यातूनच झालं.

मधल्या काळात त्यांनी मला फोनवर बसवलं. मी हातापाया पडले. म्हटलं, काका, मला इंग्रजी येत नाही, मी सातवी नापास. ते म्हणाले, "पक्षी कुठल्या इयत्तेत आहे?" एक दिवस थापट्या बदक आलं, रुंद चपट्या चोचीचं. काकांना शब्द सापडेना. पळी नाही, चमचा नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "सराटा."

"काय?"

मी ओशाळले. "आमच्याकडं उलथन्याला सराटा म्हणतात. भाकरी उलटायचा."

काकांनी पेन्सिल कानावरून काढली आणि रजिस्टरात लिहिलं, 'चोच सराट्यासारखी'. आणि खाली बारीक अक्षरात, 'शब्द शोभाबाईंचा.' माझं नाव घरच्या रेशन कार्डावर आहे आणि त्या रजिस्टरात आहे. रजिस्टरातलं मला जास्त आवडतं.

मग जुने डॉक्टर गेले आणि डॉक्टर रेवती आल्या. तरुण, हुशार, कामाला वाघ. त्यांनी पहिल्याच आठवड्यात रजिस्टर चाळलं आणि काकांना इंग्रजी शब्दांची यादी दिली. चोचींचे शास्त्रातले शब्द. म्हणाल्या, "काका, नोंद सगळीकडे एकसारखी हवी ना. उद्या दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरला 'गोधडीची सुई' काय कळणार?"

आम्हाला वाटलं, आता काका रुसणार. काकांनी यादी घडी करून खिशात घातली आणि पंधरा दिवसांत पाठ केली. पासष्टीच्या माणसानं. मग एक दिवस त्यांच्यासमोर उभे राहून म्हणाले, "डॉक्टर, शब्द सगळे झकास आहेत. फक्त ह्यो डिकर्व्ड. म्हणजे खाली वाकलेली, बरोबर?"

"बरोबर."

"त्या कुदळ्या पक्ष्याची हातभर लांब चोच पण खाली वाकलेली. सूर्यपक्ष्याची पण. एकाच शब्दात दोघे बसले. आता त्या फोनवरल्या बाईक मी काय विचारू? बाई, डिकर्व्ड आसा काय?"

रेवतीबाई हसल्या. पण नुसत्या हसल्या नाहीत, विचारात पडल्या. त्या दिवसापासून रकान्यात दोन ओळी होऊ लागल्या, वर त्यांचा शब्द आणि खाली काकांचा.

केंद्र चालवणाऱ्या ट्रस्टच्या साहेबांनी मात्र वेगळं ठरवलं होतं. त्यांनी मोबाईलचं ॲप करून घेतलं. पक्षी दिसला की फोटो पाठवा, काय करायचं त्याच्या सूचना चित्रांसकट येतील. सोबत वाटायला एक रंगीत कागद. महिनाअखेर फोन बंद. साहेब वाईट नव्हते, त्यांना काम वाढवायचं होतं. मीटिंगमध्ये काकांनाही बोलावलं. काका म्हणाले, फोटो चांगलाच. पण फोटो काढणारा मोबाईलकडं बघतो. मी चोच विचारतो तेव्हा त्याला पक्ष्याकडं बघावं लागतं. मग त्यांनी कागद हातात घेतला, नाकाजवळ नेऊन वाचला. त्यात लिहिलं होतं, 'लांब चोचीचा पक्षी असल्यास चोच रबराने अलगद बांधा.'

"साहेब, यात माझे दोन प्रश्न नाहीत."

"काका, लोकांना सोपं लागतं. आकडा, नाकपुड्या, इतकं कोण बघतंय? लांब चोच बांधा. बस्स."

"एवढंच छापू नका. मी एकदा एवढंच सांगितलंय."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. रेवतीबाई म्हणाल्या, "पुढच्या छपाईत घालू, काका." त्यांनाही ते दोन प्रश्न तितके मोठे वाटले नसावेत. कागद वाटले गेले. त्यानंतर काका रोज सकाळी आले की आधी मला विचारायचे, "शोभा, काही काळं आलं?" मी नाही म्हटलं की चहा घ्यायचे.

महिना संपायला चार दिवस होते. समुद्रावरून तीन दिवस सोसाट्याचा वारा चालला होता. दुपारी फोन वाजला. काका जेवत होते, मी उचलला. माहुलच्या एक कोळीणबाई बोलत होत्या. त्यांच्या गच्चीवर मोठा पांढरा-तपकिरी पक्षी येऊन बसला होता. बदकापेक्षा मोठा, पंख पसरले की दाराएवढे.

मी चोच विचारली.

"सुऱ्यासारखी. लांब, सरळ, कडेला करवतीसारखे दाते. पण आता काय भीती नाय, पोरानं बांधली. तुमचाच कागद आलता ना, त्यावर लिवलंय तसं."

मी विचारलं, "ताई, चोचीवर नाकाची भोकं दिसतात?"

"भोकं?" त्या बघायला वाकल्या, वारा मोठ्यानं ऐकू आला. "नाय गो. सपाट हाय."

मी फोनवर हात ठेवून म्हटलं, "काका, बांधलीय. भोकं नाहीत." काका समोर डब्यावर वाकलेले होते. माझ्या तोंडाकडं बघून त्यांनी हातातला घास खाली ठेवला आणि फोन घेतला.

"ताई, मी परब बोलतो. रबर काढा. आत्ता."

"अरे दादा, मना डोळ्यावर मारंल तो! पोरगा बाहेर गेला."

"चष्मा आहे?"

"नाय."

"पोराची मोटरसायकल आहे?"

"हाय."

"हेल्मेट घरात आहे? घाला. काच खाली करा."

रेवतीबाई दारात येऊन थांबल्या होत्या. काकांनी फोन स्पीकरवर टाकला होता. पलीकडून काहीतरी आपटल्याचा आवाज आला, मग डब्यातून बोलल्यासारखा आवाज, "घातलं! आता?"

"मागून जा. टॉवेल टाका अंगावर. डावा हात मानेच्या मागे, डोक्याच्या खाली. घट्ट नको, नारळ धरतो तसा. उजव्या हातानं रबर ओढा पुढे. घाबरू नका, तुम्ही बोटीवर जिवंत खेकडे धरता, हा त्याहून साधा आहे."

"तू ये मग धरायला!" बाई हेल्मेटातून ओरडल्या. मग काहीच ऐकू येईना. काका स्टुलावर ताठ बसले होते, डोळे मिटून. मी मनात सगळ्या देवांची नावं घेतली, आमच्याकडच्या आणि इथल्यासुद्धा.

मग फटकन रबर सुटल्याचा आवाज आला. आणि त्याच्या मागोमाग, खरखरीत, ओढून घेतलेला, लांब श्वास. फोनवरून आम्हा तिघांना ऐकू आला.

"तोंड उघडलं रं त्यानं!" बाई म्हणाल्या. "आ केलाय मोठा. अरे मना वाटलं, झोपलाय गपचूप. मरत व्हता काय?"

"मरत होता," काका म्हणाले. "तुम्ही नाही मरू दिलात. आता टॉवेल तसाच राहू दे, खोकं मोठं बघा, वर भोकं पाडा. गाडी पाठवतो."

"आनि ज्यानं त्यो कागद छापला त्याला सांग, माहुलला ये, दाखवते तुला."

"सांगतो," काका म्हणाले.

रेवतीबाई स्वतः गाडीतून गेल्या. पक्षी आला तेव्हा त्यांनी नाव सांगितलं, मास्क्ड बूबी. खोल समुद्रावरचा, वाऱ्यानं भरकटून किनाऱ्याला लागलेला. काकांनी जन्मात पाहिला नव्हता. नाव माहीत नाही, रंग पाहिला नाही, फोनवर ऐकलेल्या चोचीवरून त्याचा श्वास मोकळा केला. हे मी आजवर किती जणांना सांगितलं असेल! पुसदला फोन करून आईलाही सांगितलं. ती म्हणाली, "अवो माय, मग त्याईनं तुले शिकवलं काहून नाई?" मी म्हटलं, भोकं विचारली कोणी मग?

त्या संध्याकाळी रेवतीबाईंनी रजिस्टर पुढं ओढलं. चोचीच्या रकान्यात त्यांनी सगळं मराठीत लिहिलं, दात्यांसकट. मग शेवटी लिहिलं, 'चोच बांधण्याची सूचना आमच्या कागदात अपुरी होती. सांगूनही मी बदलली नाही. चूक माझी.' आणि सही केली. काका बघत होते. "डॉक्टर, चूक निम्मीच तुमची," ते म्हणाले, "निम्मी साहेबांची. पण साहेब रजिस्टर लिहीत नाहीत." आणि उरलेला डबा उघडून जेवायला बसले. त्यातली आंबोळी त्यांनी रेवतीबाईंना दिली.

फोन बंद झाला नाही. जुने कागद परत मागवले गेले. नवा कागद काकांना विचारून झाला, आणि त्यात पहिली ओळ त्यांची आहे: 'चोच बांधण्याआधी चोचीवर नाकाची भोकं बघा. नसतील तर बांधू नका.' खाली चित्रं, आणि चित्रांच्या खाली अडकित्ता, विळा, चिमटा, पक्कड, सराटा. ॲपमध्येही तेच आलं. साहेबांनी काकांना शाल द्यायची ठरवली. काका म्हणाले, शाल नको, पाचशे कागद जास्त द्या, आणि ते सोसायटीच्या सेक्रेटरीला पाठवू नका. सेक्रेटरी बोर्डावर लावून कुलूप घालतो. पक्षी वॉचमन उचलतो.

वर्षभरानं काकूंचं गुडघ्याचं दुखणं वाढलं. पोरानं कुडाळचं घर नीट केलं, दोघांनी तिकडं जायचं ठरलं. काका केंद्रात यायचे बंद झाले. आम्ही केलेल्या निरोपाच्या कार्यक्रमात ते पाच मिनिटं बसले आणि फळीवर एक चिमटा उलटा टांगलाय म्हणून उठले.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं, ते कुडाळला निघायच्या आधी. मी ऐरोलीकडून बसनं येत होते, खिडकीशी बसलेली. मुलुंडला सिग्नलला बस थांबली. समोर एका मोठ्या सोसायटीचं फाटक, आणि फाटकाशी परबकाका. काखेत कागदांचा गठ्ठा. समोर निळ्या गणवेशातला तरणा वॉचमन. काकांनी उजवा हात कोपरातून उभा धरला होता, बोटं जुळवून मनगट खाली वाकवलं होतं, कुदळ्याची चोच. वॉचमननंही तसाच हात वर केला. काकांनी मान हलवली, त्याचं मनगट धरून थोडं आणखी खाली वाकवलं. मग स्वतःचा हात सरळ केला, नुसती बोटांची टोकं किंचित दुमडली, पाणकावळ्याची चोच. वॉचमननं ते नीट पाहिलं, आपल्या बोटांची टोकं दुमडली, आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं मनगटाच्या जरा पुढं, जिथं पक्ष्याचं नाक असायचं, तिथं चाचपून बघितलं.

माझ्या शेजारी बसलेल्या बाई वाकून बघत होत्या. "काय चाललंय त्या दोघांचं? म्हातारा वेडा आहे की काय?"

मी एरवी बसमध्ये अनोळखी माणसाशी बोलत नाही. पण तेव्हा सगळ्या बसला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं, "ते आमचे परबकाका आहेत."

सिग्नल सुटला. खिडकीतून मागं वळून पाहिलं, तर दोघांचे हात अजून वरच होते.